लाकडी शिडाचं जहाज किटमधून बांधताना : नागपूरच्या नवशिक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र पाचशे किलोमीटरच्या अलीकडे लागत नाही. तरी खामल्यातल्या माझ्या वरच्या खोलीत गेली चौदा वर्षं जहाजं बांधली जातायत आणि बघायला येणारे साधारण तेच प्रश्न विचारतात. कुणी नुकतंच पार्सल फोडलेलं असतं, कुणाचं अर्धं जहाज दोन वर्षांपासून कपाटावर पडलेलं असतं. फोनवर पुन्हा पुन्हा दिलेली उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवतोय. पहिली पट्टी चिकटवण्याच्या आधीच्या कामावर मी जास्त लिहिलंय. माझ्याकडे येणाऱ्या अडचणींपैकी बहुतेकांचं मूळ तिथेच सापडतं.

किटमध्ये नेमकं काय येतं? प्लास्टिकच्या मॉडेलसारखे भाग जोडायचे असतात का?

नाही. डब्यात तयार जहाज तुकड्यांमध्ये नसतं, जहाजाचा कच्चा माल असतो. प्लायमधून कापलेला एक लांब कणा, त्याच्या खाचांत आडव्या बसणाऱ्या फासळ्या, लांबलचक लाकडी पट्ट्यांच्या जुड्या, डोलकाठ्यांसाठी गोल दांडे, दोऱ्यांची रिळं, धातूचे नांगर आणि तोफा, आणि चादरीएवढे नकाशे. जहाजाचं अंग तुम्हीच घडवायचं.

बहुतेक किटमध्ये अंगाला दोन थर असतात. आतला थर लाइम किंवा बासवुडच्या दीड मिलिमीटर जाड पट्ट्यांचा. हे मऊ, पांढरट, शांत लाकूड आहे. वरचा थर अक्रोडाचा, अर्धा ते एक मिलिमीटर. पहिला थर शेवटी झाकला जातो, त्यामुळे तिथे झालेली चूक घासून, भरून सुधारता येते. म्हणून नवशिक्याने दोन थरांचंच किट घ्यावं असं मी सांगतो. एका थराच्या किटमध्ये पहिलीच पट्टी कायम डोळ्यांसमोर राहते.

मला व्हिक्टरीच बांधायचंय. पहिलं म्हणून चालेल का?

ओढ मला कळते. १७६५ साली पाण्यात उतरलेलं, १०४ तोफांचं, २१ ऑक्टोबर १८०५ला ट्रॅफल्गरच्या लढाईत ब्रिटिश नौसेनापती नेल्सन ज्यावर धारातीर्थी पडला ते जहाज आजही पोर्ट्समथच्या गोदीत उभं आहे. पण १:७२ प्रमाणातलं व्हिक्टरी पुढच्या तिरक्या काठीसकट सव्वा मीटरहून लांब होतं. तीन डोलकाठ्या, शंभरावर तोफा, प्रत्येक तोफेला दोऱ्या. एकच काम शंभर वेळा करायचं आणि शंभराव्या वेळीही हात पहिल्यासारखाच नीट ठेवायचा. हे पहिल्या जहाजात जमत नाही. जमलंच तरी सुरुवातीच्या दहा तोफा आणि शेवटच्या दहा तोफा शेजारी ठेवल्या की फरक दिसतो आणि तो कायम खुपतो.

एक किंवा फार तर दोन डोलकाठ्यांचं जहाज घ्या. आमाती कंपनीचं लेडी नेल्सन कटर, आर्टेसानिया लॅटिनाचं स्विफ्ट, ऑक्रेचं पोलारिस ही सुरुवातीची म्हणून ओळखली जाणारी किट आहेत. मला सगळ्यात आवडते ती मॉडेल शिपवेजची तीन छोट्या बोटींची मालिका : ग्रँड बँक्सची डोरी, मग नॉर्वेची शिडाची प्रॅम बोट, मग शेवंड पकडणारी मस्कोंगस बे स्मॅक. तिन्ही त्याच क्रमाने बांधायच्या. पहिल्या दोन्हींत फळ्या एकमेकींवर कौलांसारख्या चढतात, तिसरीत कडेला कड भिडते. तिसरी पूर्ण होईपर्यंत पट्टी वाकवणं, निमुळती करणं आणि चिकटवणं हाताला कळलेलं असतं.

१:६४, १:४८ यातलं कोणतं प्रमाण बरं?

१:६४मध्ये साडेपाच फुटी खलाशी जेमतेम अडीच सेंटिमीटरचा, १:४८मध्ये साडेतीन सेंटिमीटरचा होतो. डोळे आणि बोटं यांच्यासाठी १:४८ किंवा त्याहून मोठं सोपं. घरात जागा कमी असेल तर १:६४. १:१००च्या खाली पहिल्या वेळी जाऊ नका.

किट कुठून मागवायचं? किती खर्च येतो?

चांगली किट स्पेन, इटली, डेन्मार्क, इंग्लंड, अमेरिका इथून येतात. संकेतस्थळावर दिसणारी किंमत ही तुमची किंमत नव्हे. त्यावर कुरिअर आणि आयात शुल्क बसतं. खेळणी आणि लहान प्रमाणातली मॉडेलं एकाच वर्गात मोडतात. २०२०च्या अर्थसंकल्पात त्यावरचं शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं आणि त्यानंतरही दर बदलले. म्हणून मागवायच्या आधी चालू दर बघा आणि पार्सल दारात आल्यावर भरायची रक्कम वेगळी काढून ठेवा.

डबा उघडला की यादी घेऊन प्रत्येक पट्टी मोजा. माझ्या एका किटमध्ये अक्रोडाच्या अकरा पट्ट्या कमी होत्या आणि मला ते आठ महिन्यांनी, दुसरा थर अर्धा झाल्यावर कळलं. विक्रेत्याने हात वर केले. दुसऱ्या जुडीतलं अक्रोड रंगाला जुळत नाही. त्या जहाजाच्या उजव्या अंगाला पाण्याच्या रेषेखाली आजही एक फिकट पट्टा दिसतो.

हत्यारं नागपुरात मिळतात का, की तीही बाहेरून आणावी लागतात?

जवळपास सगळी इथेच मिळतात, फक्त ती मॉडेलच्या दुकानात शोधू नका. इतवारीत सराफा ओळीच्या आसपास सोनारांचं सामान विकणाऱ्यांकडे जा. सुईसारख्या कानशी, हाताने फिरवायचं बारीक ड्रिल, अर्ध्या मिलिमीटरचे बिट, केसाएवढ्या पात्याची फ्रेम करवत, डोळ्याला लावायचं भिंग, सगळं तिथे आहे. सोनार तार ओढायला भोकांची पोलादी पट्टी वापरतात, तीही घ्या. बांबूची कामटी चिरून त्या भोकांतून ओढत ओढत बारीक केली की जहाजाच्या फळ्या ठोकायच्या लाकडी खुंट्या तयार होतात. जगभरचे मॉडेल बांधणारे हेच करतात आणि आपल्याकडे तर बांबूला तोटा नाही.

मेडिकल चौकाच्या बाजूला सर्जिकल सामानाची दुकानं आहेत. ३ नंबरचं हँडल, ११ नंबरची ब्लेडं, एक सरळ आणि एक वाकडा मॉस्किटो फोर्सेप (बारीक टोकांचा चिमटा) मागा. दोऱ्या बांधताना फोर्सेपइतकं उपयोगी दुसरं काही नाही. बाकी कपड्यांचे लाकडी चिमटे चार डझन, एक लहान गुण्या, एक जाड काचेचा तुकडा आणि १२०, १८०, २४०, ४०० नंबरचे पॉलिश पेपर. विजेवर फिरणारं घासायचं यंत्र पहिल्या जहाजाला नको. ते क्षणात दीड मिलिमीटरची पट्टी आरपार खातं.

फासळ्या चिकटवून झाल्या. आता पट्ट्या सुरू करू?

थांबा. हा प्रश्न आला की मी लोकांना कामच बाजूला ठेवायला सांगतो.

फासळ्यांच्या कडा कारखान्यातून काटकोनात कापून येतात. जहाजाचं अंग मात्र मध्यावर सरळ आणि नाळेकडे म्हणजे पुढच्या टोकाकडे, आणि पिछाडीकडे वळत जातं. तिथे पट्टी फासळीवर तिरकी येते आणि कडेच्या एका टोकावरच टेकते. अशा टेकलेल्या जागी फेविकॉल धरत नाही. शिवाय एखादी फासळी अर्धा मिलिमीटर जरी बाहेर आलेली असली तरी पट्टी तिथे उचलली जाते आणि बाहेरून अंगावर आवाळू आल्यासारखं दिसतं. म्हणून प्रत्येक फासळीची कड पट्टी जशी जाणार तशा कोनात घासून आणायची. इंग्रजीत याला फेअरिंग म्हणतात. आमच्या महालातल्या नंदी घडवणाऱ्या मिस्त्रींनी माझं काम बघून दिलेला शब्द मला जास्त आवडतो. ते म्हणाले, "बाबू, अंग एकलय करा आधी." तान्ह्या पोळ्याला पोरं ओढतात ते लाकडाचे बैल ते करतात. मानेपासून वशिंडापर्यंत हात फिरवला की कुठे अडकत नाही. त्यांचं ते हात फिरवणं बघून मी जहाजावर डोळे मिटून बोट फिरवायला शिकलो.

कसं करायचं ते सांगतो. आधी कणा काचेवर आडवा ठेवून सरळ आहे का बघा. प्लाय वाकलेला असेल तर वाफ देऊन दोन दिवस वजनाखाली ठेवा, कारण वाकड्या कण्याचं जहाज पुढे कशानेच सरळ होत नाही. फासळ्या बसवताना प्रत्येक खाचेत गुण्या लावा. नाळेकडच्या पहिल्या दोन फासळ्यांच्या मधल्या पोकळीत बाल्साचे ठोकळे भरा. तिथे पट्टीला सगळ्यात जास्त वळण असतं आणि टेकायला जागा सगळ्यात कमी. मग वीतभर लांब सपाट लाकडावर १२० नंबरचा पेपर चिकटवा आणि एका वेळी निदान दोन-तीन फासळ्यांवरून तो फिरवा. एकच फासळी घासलीत तर तिथे खड्डा पडेल.

मधूनमधून एक सुटी पट्टी चार-पाच फासळ्यांवर आडवी धरून बघा. ती सगळ्यांना पूर्ण रुंदीने टेकली पाहिजे. खालून उजेड आला तर अजून घासायचं. एखादी फासळी जास्त घासली गेली तर तिच्यावर पातळ चकती चिकटवून पुन्हा घासा, त्यात कमीपणा नाही. मी आता या कामाला तीन-चार रविवार सहज देतो.

माझ्या दुसऱ्या जहाजात मी ते दोन तासांत उरकलं होतं. दोन्ही थर झाले, पॉलिश झालं, आणि रात्री ट्यूबलाइटखाली जहाज आडवं धरलं तेव्हा डाव्या अंगाला तिसऱ्या फासळीजवळ उजेडाची रेघ तुटलेली दिसली. अंगठा बसेल एवढी खोलगट जागा. दिवसा ती कुणालाच दिसत नाही, मला मात्र रोज दिसते.

पट्टी वाकवताना मोडते. किती वेळ भिजवायची?

लाइमची पट्टी पंधरा-वीस मिनिटं साध्या पाण्यात पुरते, अक्रोडाची पातळ पट्टी त्याहून कमी. लाकूड वाकतं ते उष्णतेने. पाणी ती उष्णता आतपर्यंत नेतं. भिजलेली पट्टी इस्त्रीच्या कडेवरून हळूहळू ओढत वाकवा किंवा गरम सोल्डरिंग आयर्नच्या दांड्यावर दाबा. मग ती फासळ्यांवर चिमट्यांनी धरून रात्रभर वाळू द्या. ओलीच चिकटवली तर वाळल्यावर आक्रसते आणि दोन पट्ट्यांत फट पडते. चिकटवायची ती दुसऱ्या दिवशी, कोरडी. एक पट्टी डावीकडे, पुढची उजवीकडे अशी आळीपाळीने लावा. एकाच बाजूच्या दहा पट्ट्या लावल्या तर त्यांचा ताण कण्याला पीळ देतो.

पट्ट्या नाळेजवळ एकमेकींवर चढतात. माझं काय चुकतंय?

हिशेब राहिलाय. मधल्या फासळीवर डेकच्या कडेपासून कण्यापर्यंत कागदाची पट्टी गुंडाळून मापा. समजा १०० मिलिमीटर आलं. ५ मिलिमीटर रुंद पट्टी असेल तर वीस पट्ट्या लागतील. आता नाळेजवळच्या फासळीवर तेच माप घ्या. तिथे समजा ६२ आलं. म्हणजे त्याच वीस पट्ट्यांना नाळेजवळ प्रत्येकी ३.१ मिलिमीटरच जागा आहे. मग प्रत्येक पट्टी पुढच्या टोकाकडे ३.१पर्यंत निमुळती करायला हवी. हे गणित प्रत्येक फासळीवर करून पेन्सिलीने खुणा करा. चार-पाच पट्ट्या लावून झाल्या की पुन्हा मापा, कारण थोडा थोडा फरक साठत जातो.

पट्टीची रुंदी मूळच्या निम्म्यापेक्षा कमी होऊ देऊ नका. टोक इतकं बारीक झालं की ते चिरतं आणि दिसायलाही वाईट दिसतं. तेवढी निमुळती करावी लागत असेल तर दोन पट्ट्या मध्येच संपवून पुढे त्यांच्या जागी एकच न्या. पिछाडीला उलट होतं. तिथे जागा जास्त असते, म्हणून मध्ये पाचरीसारखी जादा पट्टी घालावी लागते.

उन्हाळ्यात काम करू का? खोलीत कूलर आहे.

हा प्रश्न किटच्या पुस्तिकेत कुठेही नसतो, कारण ती पुस्तिका लिहिणाऱ्याने मे महिन्यातलं नागपूर पाहिलेलं नसतं.

लाकूड हवेतली ओल शोषतं आणि सोडतं. लांबीत त्याने जवळपास काही फरक पडत नाही, रुंदीत पडतो. मे महिन्यात पारा ४५च्या वर आणि हवा कोरडी ठणठणीत, ऑगस्टमध्ये तीच हवा चिंब. या दोन टोकांत ५ मिलिमीटरची पट्टी दहावा हिस्सा मिलिमीटर किंवा थोडी जास्तच फुगते-आक्रसते. एका पट्टीत ते दिसत नाही. वीस पट्ट्यांत ते दोन-तीन मिलिमीटर होतं.

मी एका जहाजाचा डेक ऑगस्टच्या झडीत लावला होता. पट्ट्या एकमेकींना घट्ट भिडलेल्या, मला वाटलं आजवरचं सगळ्यात चांगलं काम. पुढच्या एप्रिलमध्ये प्रत्येक जोडात दाढीच्या ब्लेडची कड आत जाईल एवढी फट उघडली होती. कूलरच्या खोलीत हेच वर्षभराऐवजी एका दिवसात होतं. दुपारी वाळ्याच्या ओल्या टाट्यांतून येणारी हवा लाकूड पितं, संध्याकाळी कूलर बंद केला की तेच लाकूड सुकतं.

म्हणून पट्ट्या आणि डेक नोव्हेंबर ते फेब्रुवारीत लावा. जुड्या सोडून निदान दोन आठवडे त्याच खोलीत मोकळ्या ठेवा. एक साधा आर्द्रतामापक भिंतीवर लावा आणि ५०च्या आसपास असेल तेव्हा चिकटवा. मे महिन्यात तोफा रंगवा, ब्लॉक (दोऱ्यांच्या लाकडी कप्प्या) घासा, डोलकाठ्या निमुळत्या करा, आणि कूलरचा झोत जहाजावर येणार नाही असं टेबल ठेवा.

फेविकॉल की फेविक्विक?

अंगाला फेविकॉल. तो सावकाश धरतो, पट्टी सरकवायला वेळ देतो, आणि चुकलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून किंवा गरम करून सोडवता येतो. फेविक्विकच्या जातीचा गोंद धातूचे भाग आणि दोऱ्यांच्या टोकांसाठी. तो लाकडावर सांडला तर तिथे पॉलिश शिरत नाही आणि डाग कायमचा राहतो. बंद एसीच्या खोलीत त्याची वाफ डोळ्यांना झोंबते, खिडकी उघडी ठेवा. अक्रोड घासताना मास्क लावा, त्याची धूळ बऱ्याच जणांच्या छातीला बाधते.

आपल्याकडे एवढं सागवान आहे. तेच वापरलं तर?

बल्लारशाह आणि आलापल्लीचं सागवान दारात असताना अक्रोड बाहेरून का आणायचं, हा प्रश्न मलाही पडला होता. सागाची जहाजं हा आपलाच वारसा आहे. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने तिथल्या गोदीत पिढ्यान्‌पिढ्या जहाजं बांधली. त्यांनी मलबारच्या सागात बांधलेलं ट्रिंकोमाली १८१७ साली पाण्यात उतरलं आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. त्याचे मूळ नकाशे मुंबईला निघाले होते ते जावा जहाजातून. १८१२ साली अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशनने जावाला हरवलं आणि नकाशे गेले. मग दुसरी प्रत पाठवावी लागली. ते कॉन्स्टिट्यूशनही बॉस्टनला अजून तरंगतं आहे.

पण मॉडेलला साग मोठा पडतो. त्याच्या रेषा आणि छिद्रं उघड्या डोळ्यांना दिसतात, आणि १:६४मध्ये ती छिद्रं खऱ्या जहाजावर बोट जाईल एवढ्या भोकांसारखी दिसतील. साग मी बैठकीसाठी वापरतो, तिथे तो शोभतो. पट्ट्यांसाठी हळदू बघा. पिवळसर, बारीक रेषांचं, एकसारखं लाकूड आणि धारदार ब्लेडने लोण्यासारखं कापलं जातं. लकडगंजात वखारींत विचारलं तर तुकडे मिळतात. ते आणून वर्षभर सुकू द्या. किटमध्ये हातभर कमी पडलेल्या पट्टीसाठी मला त्यानेच अनेकदा तारलंय.

दोऱ्यांचं काम बघूनच भीती वाटते. कुठून सुरुवात करू?

दोऱ्या दोन प्रकारच्या आहेत एवढं आधी मनात पक्कं करा. एका जातीच्या डोलकाठीला उभं धरून ठेवतात. त्या हलत नाहीत, आणि खऱ्या जहाजावर त्यांना डांबर लावलेलं असे, म्हणून त्या काळ्या-तपकिरी. दुसऱ्या शिडं आणि परबाण (शीड बांधायची आडवी काठी) ओढण्या-सोडण्यासाठी. त्या हातात खेळत राहतात, म्हणून फिकट, ताकाच्या रंगाच्या. हा रंगांचा फरक पाळला नाही तर सगळं जाळं एकजीव होतं आणि काय कशाला धरतंय ते कळत नाही. काम खालून वर आणि मधून बाहेर न्या. बाहेरची दोरी आधी बांधली की आत हात जात नाही.

डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना उतरणारे जाड दोर म्हणजे श्राउड. ते तीन भोकांच्या लाकडी चकत्यांना, डेडआयना, बांधून ताणतात. डावा-उजवा आळीपाळीने ताणा, नाही तर काठी एका बाजूला झुकते. मग श्राउडवर खलाशी चढायच्या पायऱ्या, रॅटलाइन. खऱ्या जहाजावर त्यांच्यात ३३ ते ३८ सेंटिमीटर अंतर असे, म्हणजे १:६४मध्ये साधारण साडेपाच मिलिमीटर. मागे आलेख कागद लावा, रेघेवर रेघ धरून बांधत जा. प्रत्येक श्राउडवर दोन वेढ्यांची क्लोव्ह हिच मारायची. गाठ ओढताना श्राउड आत ओढला जातो आणि दहाव्या पायरीपर्यंत सगळं डमरूसारखं मध्ये बारीक होतं. म्हणून श्राउडना आडवी एक सरळ काडी तात्पुरती बांधून ठेवा आणि गाठ फक्त बसेल इतकीच आवळा. पातळ केलेल्या फेविकॉलचा थेंब गाठीला लावा, दुसऱ्या दिवशी टोकं कापा. एका बैठकीत पाचपेक्षा जास्त पायऱ्या करू नका. सहावीपासून हात घाई करतो.

किटमधला दोरा बऱ्याचदा केसाळ असतो. मधमाशीच्या मेणावरून ओढला की केस बसतात. पुढच्या जहाजापर्यंत स्वतः दोरी वळायला शिका. अंबाडीची चऱ्हाटं वळताना ज्यांनी पाहिलीत त्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही : प्रत्येक पेडाला एकीकडे पीळ द्यायचा आणि तिन्ही पेड एकत्र उलट्या दिशेने वळायचे. दोन्ही पीळ एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून दोरी उलगडत नाही. बैलाचा कासरा आणि जहाजाचा श्राउड, दोन्हींत हीच युक्ती आहे. फक्त इथे पेडाच्या जागी शिवणाचा पॉलिएस्टर दोरा. सुती दोरा पावसाळ्यात ताठतो आणि उन्हाळ्यात सैल पडतो, पॉलिएस्टर तसा राहतो.

शिडं लावायची का?

माझं मत नको. कापडाची वीण १:६४मध्ये पोत्यासारखी दिसते आणि महिनाभर खपून बांधलेल्या दोऱ्या मागे लपतात. फार वाटत असेल तर परबाणाला गुंडाळलेली शिडं करा, कापड नेहमीच्या निम्मंच वापरून.

पॉलिश कोणतं?

चपडा स्पिरिटमध्ये पातळ करून दोन-तीन हात, मध्ये ४०० नंबरचा पेपर. पुढे एखादी पट्टी सोडवायची वेळ आली तरी स्पिरिटने तो निघतो. जवसाचं उकळलेलं तेलही अक्रोडाला छान रंग देतं. पण एक गोष्ट गांभीर्याने घ्या. त्या तेलात भिजलेला फडका चुरगळून टाकला तर तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या खोलीत तर नक्कीच टाकू नका. फडका पाण्यात बुडवा किंवा बाहेर पूर्ण उलगडून वाळवा.

मराठा आरमाराचं जहाज का बांधत नाही?

मनात आहे. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात गुराबा होत्या, दोन किंवा क्वचित तीन डोलकाठ्यांच्या, पुढे निमुळती नाळ आणि तिथून समोर मारा करणाऱ्या तोफा. सोबत लहान, वल्ह्यांवर चालणारी गलबतं, जी वारा पडला की गुराबांना ओढत नेत. अडचण नकाशांची आहे. ब्रिटिश नौदलाच्या त्या काळच्या जहाजांची मूळ आरेखनं ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये जपलेली आहेत आणि किट त्यावरूनच निघतात. गुराबेसाठी चित्रं आणि वर्णनं यांवरून आकार काढावा लागेल. ते अशक्य नाही. २०२५ साली नौदलात दाखल झालेलं कौंडिण्य हे काथ्याने शिवलेलं जहाज अजिंठ्याच्या चित्रावरूनच उभं राहिलं. दोन-तीन किट बांधून हात बसला की कुणीतरी नागपूरकराने गुराब हाती घ्यावी, माझ्याकडे गोळा केलेलं सगळं मी देईन.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. वडील सत्तरीचे आहेत. जमेल का?

दोघांनाही. मुलीच्या हातात ब्लेड देताना शेजारी बसा. बाबांना भिंगाचा दिवा आणि पाठ टेकेल अशी खुर्ची द्या, एका वेळी तासभर पुरे. मला माहीत असलेल्या घरांत सगळ्यात सुरेख जहाजं आजोबा आणि नातवंडांनी मिळून केलेली आहेत : गाठी लहान बोटांच्या, घासणं मोठ्या हातांचं.

पूर्ण व्हायला किती दिवस?

एका डोलकाठीचं दीड-दोनशे तास. रोज एक तास धरला तर सहा महिने. व्हिक्टरीसारख्याला हजाराच्या वर.

झाल्यावर धुळीपासून कसं वाचवायचं?

मेमधल्या एका वावटळीत दोऱ्यांवर बसलेली धूळ महिनाभर ब्रशने काढावी लागते. म्हणून काचेची पेटी करा, पण ती हवाबंद नको. पेटीतल्या प्लायमधून आम्लाची वाफ निघते आणि शिशाच्या तोफा-नांगरांवर पांढरी भुकटी येते, शिसं खाल्लं जातं. खालच्या बाजूला जाळी लावलेली दोन-तीन भोकं ठेवा आणि पेटी खिडकीच्या उन्हात ठेवू नका.

माझं जहाज दोन वर्षांपासून अर्धं पडलंय. पुन्हा सुरू करता येईल?

हो, आणि बहुतेक वेळा ते वाटतं तितकं बिघडलेलं नसतं. कोरड्या ब्रशने धूळ काढा. कणा काचेवर ठेवून बघा. सुटलेल्या पट्ट्या मोजा. मग डोळे मिटून दोन्ही अंगांवर बोट फिरवा, जिथे अडकेल तिथे पेन्सिलीने खूण करा. खुणेच्या जागी पट्टी उचललेली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस दहा-पंधरा मिनिटं ठेवा, ब्लेडच्या बोथट बाजूने ती सोडवा, खालची फासळी घासा आणि नवी पट्टी लावा. आतला थर असेल तर खोलगट जागा भरून घासली तरी चालतं. हे सगळं एका आठवड्याच्या संध्याकाळचं काम आहे. ते झालं की जहाज घेऊन या, ट्यूबलाइटखाली आडवं धरून दोघं मिळून उजेडाची रेघ बघू.